तारूचं रान

आमच्या झाडीपट्टीत 'तो एकटाच रानात गेला' हे वाक्य कोणी कौतुकानं बोलत नाही. एकटा रानात जाणारा म्हणजे घरी भांडून निघालेला, नाहीतर हरवलेलं ढोर शोधायला निघालेला, नाहीतर ज्याच्यासोबत यायला कोणी उरलंच नाही असा. बाया तर एकट्या जातच नाहीत. मोहफुलं वेचायची तर कोण कोण येणार हे आदल्या रात्रीच ठरतं. पहाटे एकमेकींना हाका मारत, टोपल्या घेऊन निघायचं आणि परतताना मोजून घ्यायचं. चार गेल्या, चार आल्या. ही मोजणी मी लहानपणापासून ऐकत आलोय.

त्यामुळे नोकरीतून सुटल्यावर एकट्यानं मोटारसायकल काढून तीन राष्ट्रीय उद्यानं फिरून यायचं मी ठरवलं, तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या काकांनी पहिला प्रश्न केला तो हा : "काऊन गा, घरी काई झालं का?" त्यांना समजावता समजावता माझ्याच ध्यानात आलं, की हौसेनं एकटं रानातून जाणं ही गोष्ट आमच्या भाषेत नाहीच. ती बाहेरून आली. ज्याचं पोट रानावर नाही, त्याला ती परवडते.

रस्ता साधाच होता. साकोलीकडून नवेगावबांध. तिथून अर्जुनी-मोरगाव, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करत चंद्रपूर. मग मोहर्लीला ताडोबा. त्याला वळसा घालून चिमूर, नागपूर ओलांडून पेंच, आणि रामटेकवरून घरी. चैत्राचे दिवस, सहाशेवर किलोमीटर. सकाळी लवकर निघायचं, उन्हं चढली की झाडाखाली थांबायचं, चार वाजता पुन्हा निघायचं. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या, एक दुपट्टा आणि पंक्चरचं सामान.

या फिरण्यात एक प्रश्न माझ्या मागं लागला. तो असा : वाघ जगला पाहिजे असं मी म्हणतो. मनापासून म्हणतो. पण माझ्या म्हणण्याची किंमत देतं कोण?

नवेगावबांधच्या पाळीवर बसलो तेव्हा हा प्रश्न एवढा नीट सुचला नव्हता. समोर तळं, तळ्याभोवती डोंगर. त्यातल्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. हे तळं निसर्गानं केलेलं नाही. कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं असं पिढ्यानपिढ्या सांगतात. आमच्या भंडारा-गोंदियाच्या मुलुखात कोहळ्यांनी बांधलेले तलाव किती आहेत ते मोजायला बसलं तर दिवस जाईल. त्या तलावांवर धानाच्या बांध्या भिजल्या, आणि उरलेल्या पाण्यावर पाखरं आली, सांबरं आली, वाघही आला. म्हणजे ज्याला १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलं, त्या रानाच्या मधोमध माणसाच्या कुदळीची खूण आहे.

'उद्यान' हा शब्दही मला नेहमी कोड्यात टाकतो. उद्यान म्हणजे बाग. काठावरचा कोणी माणूस रानाला बाग म्हणत नाही. पण १९७२च्या वन्यजीव कायद्यात या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. अभयारण्यात लोकांचे काही हक्क राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात ते राहत नाहीत. तिथं गुरं चारता येत नाहीत. सरपण, मोह, तेंदू, सगळं बंद. जनावरांच्या बाजूनं पाहिलं तर हे योग्यच आहे, त्यांना कुठंतरी निवांत जागा पाहिजे. पण ज्या दिवशी रान उद्यान झालं, त्या दिवशी त्यात रोज जाणारा माणूस घुसखोर ठरला आणि वर्षातून एकदा येणारा पाहुणा झाला. हा बदल कागदावर एका ओळीत होतो. काठावरच्या गावात तो पिढी दोन पिढ्या मुरत राहतो.

ब्रह्मपुरी सोडून सिंदेवाहीकडे निघालो की रस्त्याच्या दोन्ही अंगानं रान येतं, मध्येच धानाच्या बांध्या, पुन्हा रान. हे ना राष्ट्रीय उद्यान, ना अभयारण्य. साधं वनखात्याचं जंगल, आणि तरी त्यात वाघ आहेत, भरपूर आहेत. वाघ वयात आला की आईला सोडून आपला मुलूख शोधत निघतो. नकाशावरची हद्द त्याला ठाऊक नसते.

एका गावाजवळ चहासाठी थांबलो. टपरीच्या बाजूला अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, गोड आंबूस वास सुटला होता. मोह वर-खाली करणाऱ्या एका मावशीनं विचारलं, "कुठले गा भाऊ? एकटेच?" मी सांगितलं, साकोलीकडचा, ताडोबाला चाललो. ती हसली. म्हणाली, "तुमी वाघ पाहाले जाता. आमी वाघाले दिसू नाई म्हनून जपून जातो."

एवढंच म्हणून ती पुन्हा कामाला लागली. मग थोड्या वेळानं, मान वर न करता तिनं सांगितलं, की मागल्या साली तिच्या जावेला वाघानं नेलं. मोह वेचायला पाचजणी गेल्या होत्या. जाऊ जरा बाजूच्या झाडाखाली गेली, तिथं फुलं जास्त पडली होती म्हणून. हाक मारली तर ओ आली नाही.

मोह पहाटे गळतो. उन्हं चढायच्या आत वेचला नाही तर ढोरं खातात, नाहीतर सुकून जातो. वेचणारी बाई तासन् तास वाकून असते. वाकलेलं, हळूहळू सरकणारं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, असं जंगलखात्याचे जाणते लोकही सांगतात. आणि वाघाची शिकारीची वेळही तीच, झुंजूमुंजूची. मोहानंतर मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू होतो, तेव्हा पुन्हा तेच. वर्षाचा सगळ्यात रोख पैसा देणारे दोन हंगाम आणि वर्षातली सगळ्यात मोठी भीती एकाच वेळेला येतात. यात वाघाची दुष्टाई नाही आणि बाईचा निष्काळजीपणाही नाही.

मी विचारलं, "मग यंदा मोह वेचाले कोन गेलं?" ती म्हणाली, "मीच गेली. कोन जाईल मंग?"

गाडी सुरू करून पुढं निघालो, पण ते वाक्य मागच्या सीटवर बसल्यासारखं बरोबर राहिलं.

मोहर्लीला पोचलो तेव्हा एकटेपणाची माझी हौस तिथं आपोआप संपली. राष्ट्रीय उद्यानात एकट्यानं जाताच येत नाही. मोटारसायकल फाटकाबाहेर. जिप्सीत बसायचं, सोबत गाईड, खाली उतरायचं नाही. मी दुसऱ्या एका कुटुंबाच्या जिप्सीत उरलेली जागा धरली.

वाघ दिसला. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. बांबूच्या बेटातून वाघीण निघाली, रस्ता ओलांडला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. कोणी बोलेना. शेजारच्या लहान पोरानं आईचा हात घट्ट धरला होता. मलाही भीती वाटली, आणि ती भीती गोड होती. आम्ही सगळ्यांनी तिकीट काढलं होतं ते त्या गोड भीतीसाठीच. फाटकाबाहेर आलो की ती संपणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. मोहावरच्या बाईची भीती फाटकाबाहेरच सुरू होते.

परतताना गाईडशी बोलत होतो. काठावरच्याच गावातला तरणा पोरगा, झाडापाखरांची नावं घडाघडा सांगणारा. त्याला मी मावशीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "सर, आमच्या घरची चूल वाघावरच पेटते. अन् त्याच्याच भीतीनं आईले मी सरपनाले जाऊ देत नाई." त्याच्या घरी गॅस आला होता. बफरच्या गावांना सरकारी योजनेतून गॅस मिळाला, बायांचं सरपणाला जाणं कमी व्हावं म्हणून. ही चांगली गोष्ट आहे. वाघानं या गावात पैसा आणला, पोरांना काम दिलं, हेही खरं आहे.

पण मग मला सिंदेवाहीकडचा रस्ता आठवला. तिथं फाटक नाही, जिप्सी नाही, रिसॉर्ट नाही. वाघ मात्र तोच. मोहर्लीच्या पोराला वाघामागं पगार आहे. त्या मावशीच्या वाट्याला नुसती भीती आली, कमाई नाही. वाघांच्या जागेची हद्द आपण आखली, कमाईची हद्दही तीच ठेवली, आणि वाघ मात्र दोन्ही हद्दी ओलांडून गेला.

चिमूरच्या वाटेवर पुनर्वसन झालेल्या एका गावात थांबलो. ताडोबातून कोळसा, बोटेझरी, जामणी, रामदेगीजवळचं नवेगाव, अशी गावं उठली आणि बाहेर वसली. २००६चा वनहक्क कायदा सांगतो की ग्रामसभेची लेखी संमती घेतल्याशिवाय गाव उठवता येत नाही. कुटुंबामागं १० लाखांचं पॅकेज होतं, २०२१ साली ते १५ लाख झालं.

पारावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं, "इथं बरं वाटते का?" ते म्हणाले, "शाळा आहे, दवाखाना जवळ आहे, लाईन आहे. देव तेवढा तिथं रायला." त्यांच्या सुनेनं आतून आवाज दिला, "मी नाई जात माघारी. बाळंतपनाले बैलबंडीनं नेलं होतं मले, रातभर." आजोबा काही बोलले नाहीत. ती बोलली ते त्यांना पटलेलं होतं आणि दुखतही होतं.

शहरातली माणसं या बाबतीत दोन टोकांनी बोलतात. एकजण म्हणतो, आदिवासींना हाकलून दिलं. दुसरा म्हणतो, त्यांचं कल्याणच झालं. त्या घरात दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच छपराखाली होत्या. उठलेल्या गावांच्या जागी आता गवत वाढलंय आणि त्यावर चितळांचे कळप चरतात. पाहणाऱ्याला वाटतं, किती अस्सल, किती अस्पर्श रान! त्या शांततेची सवय मलाही लागली होती. पण ती शांतता कोणीतरी घर मोडून उठून गेल्यामुळं आलेली आहे. ती घेताना निदान हे ठाऊक असावं.

नागपूर ओलांडून पेंचकडे जाताना एक वेगळीच गोष्ट पाहिली. तिथं राष्ट्रीय महामार्ग ४४ जंगलातून जातो. रस्ता चौपदरी करायचा ठरला तेव्हा बरीच वर्षं वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि शेवटी रस्ता जागोजागी उंच करून खालून जनावरांना वाट सोडली. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ वाटा आहेत. सगळ्यात मोठी साडेसातशे मीटरची. वरून ट्रक धडधडतात, खालून सांबर जातं. तिथं लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघही आलेत.

मी गाडी बाजूला लावून ते काम बराच वेळ पाहिलं. मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. जनावर कुठून जातं, कधी जातं, कशाला बुजतं, याचा हिशेब माणसांनी बसून केला, पैसा उभा केला आणि वाट बांधली. म्हणजे ठरवलं की जमतं. मग मोहाच्या पंधरा-वीस दिवसांत बाया कुठून जातात, कधी जातात, कशाला भितात, याचा एवढाच बारकाईनं हिशेब का होऊ नये? त्या दिवसांत राखणीला माणसं, गावोगाव निरोप, वाघ कुठं आहे त्याची पहाटे खबर, झाडांखालची झुडपं साफ. काही ठिकाणी वनखात्याचे लोक आणि गावातली पोरं हे करतातही. पण ते करणाऱ्याच्या चांगुलपणावर चालतं. महामार्गाखालची वाट तशी कोणाच्या मर्जीवर नाही.

कोणी म्हणेल, मी तर वाघ पाहायला जात नाही, मग माझ्यावर कसलं देणं? पेंचमध्येच त्याचं उत्तर आहे. नागपूरच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं पुष्कळसं पेंच नदीचं. नदीच्या वरच्या अंगाला जंगल उभं आहे म्हणून ती वाहते. वाघ राखायचा म्हणून ते जंगल राखलं गेलं. तेव्हा ज्यानं आयुष्यात कधी वाघ पाहिला नाही, तोही सकाळी उठून तोंड धुतो ते याच व्यवहारातल्या पाण्यानं. फायदा असा लांबवर, थोडा थोडा वाटला जातो. तोटा मात्र एका घरात, एका दिवशी, पुरा येऊन पडतो.

भरपाई मिळते, हे खरं. सरकारनं तिची रक्कम वेळोवेळी वाढवली आहे आणि वाढवावीच. पण भरपाई माणूस गेल्यावर येते. जी बाई गेली नाही, रोज पहाटे भीत भीत जाते आणि परत येते, तिच्या भीतीचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. म्हणून पैसा दिला, आता फिटलं, असं मला म्हणता येत नाही. त्याचबरोबर वाघच नको, असंही मी म्हणू शकत नाही. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला नसता तर आज वाघ चित्रातच दाखवावा लागला असता. २००६च्या मोजणीत देशात १,४११ वाघ होते. २०२२च्या अंदाजात ते साडेतीन हजारांच्या वर गेले. आपल्या महाराष्ट्रातच ४४४. हा आकडा वाचून मला आनंद होतो आणि त्या आनंदाची मला लाज वाटत नाही.

मला चीड येते ती एका प्रश्नाची. वाघानं कोणाला नेलं की पेपरात चार ओळी येतात, आणि शहरातला शिकलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "पण ती जंगलात गेलीच कशाला?" शेतकरी वीज पडून मेला तर 'शेतात गेलाच कशाला' असं कोणी विचारतं का? वाघ राखण्याचा खर्च जिनं सोसला, तिलाच आपण गुन्हेगाराच्या जागी उभं करतो. माझ्या मते या सगळ्या व्यवहारात कोणती गोष्ट नीतीला सोडून असेल तर ती ही. रानाची राखण करताना काही चुका होतील, पैसा कमी पडेल, वेळ लागेल, ते समजू शकतं. पण ज्याच्या जिवावर आपलं पुण्य उभं आहे त्यालाच दोष देणं समजण्यासारखं नाही.

ताडोबा हे नाव कुठून आलं हे तिथं येणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, हे गाईड सांगतो. नाव मात्र त्याच्या फार आधीचं आहे. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला. लोकांनी त्याला देव मानलं. तळ्याकाठी, झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथं आदिवासींची जत्रा भरायची. त्या तारूवरून ताडोबा. म्हणजे देशभरातून माणसं ज्या रानात वाघ पाहायला येतात, त्या रानाला नाव आहे ते वाघानं मारलेल्या माणसाचं.

मी त्या जुन्या लोकांचा विचार करत राहिलो. माणूस गेला म्हणून त्यांनी रानातले सगळे वाघ मारून टाकले नाहीत. याच मुलुखात गावाच्या शिवेवर वाघदेवही पूजला जातो. पण वाघाला देव मानलं म्हणून ते माणसाला विसरले नाहीत. दोघांना जागा दिली, एकाला शिवेवर आणि एकाला तळ्याकाठी. त्यांच्याकडे ना कॅमेरे होते, ना योजना, ना पॅकेज. पण गेलेल्याचं नाव राखायचं असतं, एवढं त्यांना कळत होतं.

आज ताडोबातल्या वाघिणींना नावं आहेत. पर्यटक ती नावं घेऊन विचारतात, अमकी दिसली का, तमकीचे बछडे किती मोठे झाले. त्याला माझी हरकत नाही, नावानं माया लागते. पण सिंदेवाहीच्या रस्त्यावरच्या त्या मावशीच्या जावेचं नाव मी विचारून घेतलं. ते मी इथं लिहीत नाही, कारण ते तिच्या घरच्यांचं आहे. परत आल्यापासून लोक मला भेटले की हटकून विचारतात, "मग काय, वाघ दिसला का?" मी सांगतो, दिसला, फार देखणी वाघीण होती. त्यानंतर त्यांना ते दुसरं नाव सांगतो आणि ती कशी गेली तेही सांगतो. काहीजण गप्प होतात. काहीजण म्हणतात, "पण ती जंगलात गेलीच कशाला?" मग मी त्यांना खाली बसवतो आणि मोह कधी गळतो तिथून सुरुवात करतो.